आज्ञापालन आणि शांती : संत पोप जॉन तेविसावे यांच्या ब्रीदवाक्याचा अर्थ

ख्रिस्ती जीवनात आज्ञापालनाला मानाचे स्थान आहे. तरीही हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या मनावर दडपण येते. आज्ञापालन म्हणजे वरून आलेला हुकूम मुकाट्याने सोसणे, असे काहींना वाटते. ते केवळ धर्मगुरूंसाठी व व्रतस्थांसाठी आहे, प्रापंचिकांचा त्याच्याशी संबंध नाही, असेही काहीजण मानतात. पहिल्या समजुतीत आनंदाला जागा उरत नाही आणि प्रामाणिकपणालाही नाही. दुसऱ्या समजुतीत तर आज्ञापालनच आपल्या जीवनातून बाद होते.

वस्तुतः परमेश्वराच्या इच्छेचे पालन हा प्रत्येक बाप्तिस्माप्राप्त व्यक्तीच्या श्रद्धेचा गाभा आहे आणि ते पालन खरे असेल तर त्यात मोकळेपणाने बोलण्याला व आनंदाने जगण्याला पूर्ण वाव आहे. हे समजून घेण्यासाठी आम्ही येथे एका अशा पुरुषाच्या जीवनाचा आधार घेत आहोत, ज्याने बिशप होताना आपल्या ब्रीदवाक्यातच हा शब्द घेतला. संत पोप जॉन तेविसावे यांचे ते ब्रीदवाक्य होते : 'आज्ञापालन आणि शांती'.

'ऐकणे' या शब्दातील दोन अर्थ

आज्ञापालनासाठी लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'कान देऊन ऐकणे' ही क्रिया आहे. इब्री भाषेत 'शमा' या धातूचा अर्थ ऐकणे असा आहे आणि तोच शब्द पाळणे या अर्थानेही येतो. हा भाषांतरकारांपुरता बारकावा नाही. आपली मायबोली मराठीदेखील हेच सांगते. 'पोर आईचे ऐकते' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या पोराला ऐकू येते एवढाच आपला अर्थ नसतो. ते आईच्या शब्दाला मान देते व तसे वागते, हे आपल्याला सांगायचे असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. जेथे ऐकणे नाही, तेथे आज्ञापालनही नाही. न ऐकता मान डोलावणाऱ्याला मराठीत नंदीबैल म्हणतात, आज्ञाधारक म्हणत नाहीत. ऐकण्यासाठी मन जागे असावे लागते आणि जागे मन कधी प्रश्न विचारते, कधी अडखळते, कधी आपले दुःख बोलून दाखवते.

पवित्र शास्त्राचा आधार

प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला (मत्तय २१:२८-३२) आपल्या परिचयाचा आहे. द्राक्षमळ्यात कामाला जाण्यास एक मुलगा स्पष्ट नकार देतो, पण नंतर पस्तावून जातो. दुसरा आदराने होकार देतो आणि जात नाही. पित्याची इच्छा पूर्ण करणारा पहिलाच ठरतो. त्याच्या नकाराची येथे स्तुती नाही. परंतु ज्याने आपल्या मनातले खरे ते बापाजवळ बोलून दाखवले, त्याला मन पालटण्याची वाट खुली राहिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ओठांवर होकार आणि पोटात नकार बाळगणाऱ्याला ती वाट सापडलीच नाही.

पवित्र मरियेनेही गाब्रिएल दूताचा निरोप ऐकल्यावर आधी प्रश्न विचारला आणि मग स्वतःला प्रभूची दासी म्हणून अर्पण केले (लूक १:३४-३८). गेथसेमनी बागेत स्वतः येशूने पित्याजवळ आपली व्यथा लपवली नाही. दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी त्याने याचना केली आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेला स्वतःला सोपवून दिले (मार्क १४:३५-३६). म्हणजे, सर्वांत परिपूर्ण आज्ञापालनातही व्यथा बोलून दाखवण्यास स्थान होते. त्याच येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या आज्ञा पाळण्याचा संबंध थेट आनंदाशी जोडला. शिष्यांचा आनंद पूर्ण व्हावा, हा त्याच्या सांगण्याचा हेतू होता (योहान १५:१०-११).

ब्रीदवाक्य कोठून आले ?

आंजेलो जुझेप्पे रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात झाला. घर कष्टकरी शेतकऱ्यांचे होते. दुसऱ्याची जमीन खंडाने कसून येणाऱ्या उत्पन्नावर मोठे कुटुंब चालत असे. १० ऑगस्ट १९०४ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे बेर्गामोच्या बिशपांचे सचिव, सेमिनरीतील अध्यापक आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारे धर्मगुरू अशी कामे त्यांनी केली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा त्यांना विशेष नाद होता. सोळाव्या शतकातील इतिहासकार कार्डिनल चेझारे बारोनियो यांच्याविषयी त्यांनी १९०७ साली बेर्गामोत एक व्याख्यान दिले होते. बारोनियो रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात जाऊन पेत्राच्या पुतळ्याच्या पायाचे चुंबन घेत आणि 'आज्ञापालन आणि शांती' हे शब्द उच्चारीत. १९ मार्च १९२५ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, रोंकाल्ली यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा त्यांनी हेच शब्द आपले ब्रीद म्हणून स्वीकारले. त्यांची नेमणूक झाली होती ती बल्गेरियात. तेथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुसंख्य होते आणि कॅथलिकांची संख्या अगदी थोडी होती. ही नेमणूक त्यांनी मागितलेली नव्हती.

बल्गेरियातील दहा वर्षे

ब्रीदवाक्य निवडणे सोपे असते. त्याची कसोटी पुढे लागते. रोंकाल्ली यांची कसोटी बल्गेरियात लागली. विखुरलेल्या व गरीब कॅथलिक वस्त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना खडतर प्रवास करावे लागले. १९२८ साली मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी धाव घेतली. परंतु त्यांचे खरे दुःख निराळेच होते.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून ते एक आध्यात्मिक रोजनिशी लिहीत असत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, ती प्रसिद्ध झाली. १९२६ च्या अखेरीस केलेल्या तपसाधनेच्या वेळी त्यांनी त्या रोजनिशीत एक गोष्ट आडपडदा न ठेवता नोंदवली आहे. बिशपपदाबरोबर कष्ट येणार, हे त्यांना ठाऊक होते. पण ज्या बल्गेरियन लोकांसाठी ते राबत होते, त्यांच्याकडून तो त्रास नव्हता. तो येत होता ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती कार्यालयांकडून. असा अपमान वाट्याला येईल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती आणि त्याचे दुःख खोल होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. 'आज्ञापालन' हे ज्याचे ब्रीद, तोच बिशप दीड-पावणेदोन वर्षांत परमेश्वरासमोर लिहितो आहे की, ज्यांची आज्ञा मी पाळतो, त्यांच्याकडूनच मला यातना होत आहेत. त्याने हे दुःख नाकारले नाही आणि त्याला खोटी धार्मिक झळाळीही दिली नाही. मात्र याच नोंदीत पुढे तो स्वतःकडे वळतो. आजवर आपण पुरेसा संयम दाखवलेला नाही, असे तो कबूल करतो. या विषयावर कोणाजवळ काय बोलावे, याबाबत अधिक सावध राहण्याचा तो निश्चय करतो, कारण जागोजागी मन मोकळे करीत राहिल्याने संयमाचे पुण्य उणावते, असे त्याला जाणवले होते.

निवेदन आणि कुरकुर यांतील फरक या एका नोंदीत स्पष्ट होतो. निवेदन योग्य ठिकाणी होते. परमेश्वरासमोर, वरिष्ठांसमोर, आत्मिक मार्गदर्शकासमोर ते केले जाते आणि त्यातून वाट निघण्याची आशा असते. कुरकुर जिथे उपाय नाही अशा ठिकाणी चालते. ती ऐकणाऱ्याचे मन कलुषित करते आणि बोलणाऱ्याचे हलके करीत नाही. निवेदन प्रामाणिक आहे आणि कुरकुर केवळ तसा आव आणते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यातही हाच विवेक आढळतो. तिच्या पाचव्या प्रकरणात कुरकुर करीत केलेले आज्ञापालन निष्फळ ठरवले आहे, तर अडुसष्टाव्या प्रकरणात शक्तीबाहेरचे काम सोपवले गेल्यास आपली अडचण नम्रपणे व योग्य वेळी वरिष्ठांना सांगण्याची मुभा दिली आहे.

बल्गेरियात रोंकाल्ली सुमारे दहा वर्षे राहिले. १९३४ च्या नाताळात निरोपाच्या प्रवचनात त्यांनी लोकांना सांगितले की, जगात ते कोठेही असले, तरी त्यांच्या घराच्या खिडकीत दिवा तेवत असेल. कोणीही बल्गेरियन बांधव दारी आला, तर तो कॅथलिक आहे की ऑर्थोडॉक्स, हे विचारले जाणार नाही. कडवट मनाच्या माणसाकडून असे प्रवचन होत नसते. दुःख प्रामाणिकपणे परमेश्वराजवळ ठेवल्याने ते हृदयात कुजले नाही, हेच त्यातून दिसते.

इस्तंबूल, पॅरिस, व्हेनिस

१९३५ च्या जानेवारीत ते इस्तंबूलला पोहोचले. तुर्कस्तान व ग्रीस या दोन्ही देशांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या सरकारने सार्वजनिक ठिकाणी धार्मिक पोशाख घालण्यास बंदी केली. ती कोणत्याही एका धर्मापुरती नव्हती. रोंकाल्ली यांनी झगा उतरवला, साधा कोट व हॅट घातली आणि आपले काम चालू ठेवले. पोशाख हा श्रद्धेचा गाभा नव्हे, हे ते जाणून होते. उपासनेतील काही प्रार्थना त्यांनी तुर्की भाषेत आणल्या, तेव्हा तेथील काही युरोपीय कॅथलिकांना ते रुचले नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळापासून पळणाऱ्या यहुदी लोकांना प्रवासाची कागदपत्रे मिळावीत, यासाठी याच शहरातून त्यांनी खटपट केली.

१९४४ च्या डिसेंबरमध्ये रोमहून तार आली. त्यांची नेमणूक पॅरिस येथे पोपचे राजदूत म्हणून झाली होती. एवढ्या मोठ्या पदासाठी आपण योग्य नाही, काहीतरी चूक झाली असावी, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. नंतर त्यांना समजले की, ही निवड पोप पायस बारावे यांनी स्वतः केली आहे. फ्रान्समध्ये युद्धकाळातील राजवटीला साथ दिल्याचा ठपका ठेवून अनेक बिशपांना हटवण्याची मागणी नवे सरकार करीत होते. रोंकाल्ली यांनी घाई केली नाही. प्रत्येक प्रकरणाची माहिती घेत, सबुरीने बोलणी करीत त्यांनी तो प्रश्न हाताळला. अखेरीस मोजक्याच बिशपांना पद सोडावे लागले.

१२ जानेवारी १९५३ रोजी त्यांना कार्डिनलपद मिळाले. त्याच दिवशी कार्डिनल झालेल्यांमध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हेही होते. भारताचे ते पहिले कार्डिनल. त्यानंतर रोंकाल्ली व्हेनिसचे धर्माधिकारी झाले. १९२५ पासून त्यांनी केलेल्या प्रवासातील एकही मुक्काम त्यांनी स्वतः आखलेला नव्हता.

ऐकणारा पोप

२८ ऑक्टोबर १९५८ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, त्यांची पोप म्हणून निवड झाली. वय पाहता हे थोड्या काळाचे पोप ठरतील, असे अनेकांना वाटले होते. त्या वर्षीच्या नाताळनंतर दुसऱ्याच दिवशी ते रोममधील रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. आपल्याही एका नातेवाइकाला विनापरवाना शिकार केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले होते, हे त्यांनी तेथे सहजपणे सांगून टाकले. पोपपदाच्या मोठेपणासाठी घरची गोष्ट झाकावी, असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या विनोदाचे आणि प्रसन्नतेचे मूळ या मोकळेपणात होते. ज्याला काही लपवायचे नसते, त्याला हसू येते.

२५ जानेवारी १९५९ रोजी त्यांनी विश्वपरिषद बोलावण्याचा आणि धर्मकायद्याच्या सुधारणेचा मानस जाहीर केला. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उद्घाटन झाले. काही आठवड्यांतच आज्ञापालनाचा एक वेगळाच पैलू जगापुढे आला.

दैवी प्रकटीकरणाविषयीचा जो मसुदा परिषदेपुढे आला होता, तो पुष्कळ बिशपांना पसंत नव्हता. २० नोव्हेंबर १९६२ रोजी मतदान झाले. मसुद्यावरील चर्चा थांबवावी, असे मत १,३६८ जणांनी दिले आणि ती चालू ठेवावी, असे ८२२ जणांनी. चर्चा थांबवायला दोन-तृतीयांश मते हवी होती. ती थोडक्यात हुकली. नियमाप्रमाणे बहुमताला नको असलेला मसुदा पुढे जाणार होता. पोप जॉन यांनी दुसऱ्याच दिवशी हस्तक्षेप केला, मसुदा मागे घेतला आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची संयुक्त समिती नेमून तो नव्याने लिहिण्यास सांगितले.

जन्मभर इतरांचे ऐकत आलेल्या माणसाच्या हाती सर्वोच्च अधिकार आला, तेव्हा त्यानेही ऐकलेच. ज्या बिशपांनी प्रामाणिकपणे 'हे आम्हाला पटत नाही' असे सांगितले, त्यांना त्याने अवज्ञा करणारे ठरवले नाही. पुढे १८ नोव्हेंबर १९६५ रोजी हाच विषय परिषदेच्या प्रकटीकरणविषयक संविधानाच्या रूपाने सिद्ध झाला. त्या संविधानाच्या पाचव्या परिच्छेदात 'श्रद्धेच्या आज्ञापालना'ची व्याख्या आहे : मनुष्य आपली बुद्धी व इच्छा यांसह स्वतःला संपूर्णपणे व मुक्तपणे परमेश्वराच्या हाती सोपवतो, असा तिचा आशय आहे. आज्ञापालनाविषयीचे हे शिकवणे एका मोकळ्या मतभेदातून वाट काढत आपल्यापर्यंत आले, हे विसरता कामा नये.

आज्ञापालनाची मर्यादा

पोटाच्या कर्करोगाने पोप जॉन खंगत असताना, ११ एप्रिल १९६३ रोजी, त्यांचे 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्याच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदात त्यांनी स्पष्ट शिकवण दिली की, नैतिक व्यवस्थेच्या आणि पर्यायाने परमेश्वराच्या इच्छेच्या विरुद्ध जाणारा कायदा वा हुकूम सद्सद्विवेकाला बांधू शकत नाही. या शिकवणीचा आधार प्रेषितांनी न्यायसभेपुढे दिलेल्या साक्षीत आहे (प्रेषितांची कृत्ये ५:२९). 'आज्ञापालन' हे ब्रीद असलेल्या पोपनेच आज्ञापालनाची सीमारेषा आखून दिली, यात विसंगती नाही. सर्व आज्ञापालन अखेरीस परमेश्वराचे असते. म्हणूनच त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या आज्ञेला ख्रिस्ती माणूस बांधील नसतो.

याचा अर्थ न आवडणारी प्रत्येक सूचना झुगारून द्यावी, असा मुळीच नाही. गैरसोय आणि पाप या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोशाख बदलायला सांगितले, तर तो बदलता येतो. निरपराधाचा छळ पाहून गप्प राहायला सांगितले, तर गप्प राहता येत नाही.

आजच्या ख्रिस्तसभेला ही सीमारेषा नीट समजणे अत्यंत गरजेचे आहे. दुर्बलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत काही ठिकाणी 'आज्ञापालन' आणि 'संस्थेचे नाव' यांच्या आडून मौन लादले गेले, ही वेदनादायक वस्तुस्थिती आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि मार्च २०२३ मध्ये सुधारित स्वरूपात कायम केलेल्या नियमांनुसार अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना देणे हे धर्मगुरू व व्रतस्थ यांचे कर्तव्य आहे आणि तक्रार करणाऱ्यावर तिच्या आशयाबाबत मौनाचे बंधन घालता येत नाही. पाप झाकण्यासाठी मागितलेले मौन हे ख्रिस्ती आज्ञापालन नव्हे, हे प्रत्येक घरातील मुलांना व तरुणांना ठाऊक असले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामात, आपल्या घरात

पोप जॉन यांनी ज्या सुधारणेचा मानस जाहीर केला होता, ती धर्मकायद्याची सुधारित संहिता २५ जानेवारी १९८३ रोजी, म्हणजे बरोबर चोवीस वर्षांनी, जारी झाली. तिच्या कलम २१२ मध्ये आज्ञापालन आणि मोकळेपणा शेजारी शेजारी आहेत. श्रद्धावंतांनी आपल्या मेंढपाळांचे ऐकावे, असे ते कलम सांगते. त्याचबरोबर ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत त्यांना कळवण्याचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही श्रद्धावंतांना आहे, असे ते म्हणते. मात्र हे आदर राखून व्हावे. धर्मग्राम परिषदेच्या सभेत गप्प बसून नंतर चर्चच्या आवारात टीका करणारा या कलमाचे अर्धेच पालन करतो. लोकांचे मत न ऐकताच निर्णय घेणारा धर्मगुरूही अर्धेच करतो.

घरातही हेच घडते. आईवडिलांच्या इच्छेखातर मुलगा एखादा अभ्यासक्रम निवडतो आणि वर्षानुवर्षे मनात अढी बाळगतो. मुलीला व्रतस्थ जीवनाची हाक जाणवते, पण घरी सांगण्याचे धाडस होत नाही. पतीपत्नी एकमेकांना 'तुमचेच खरे' म्हणतात आणि अबोला धरतात. अशा ठिकाणी वरवर शांतता दिसते, परंतु तिला शांती म्हणता येणार नाही. खरे बोलले गेले, दोघांनी ऐकून घेतले आणि परमेश्वराची इच्छा काय असावी याचा मिळून शोध घेतला, तर निर्णय कोणाच्याही बाजूने लागो, तो आनंदाने पाळता येतो.

या आनंदाचा अर्थही समजून घ्यावा. सर्व काही आपल्या मनासारखे झाल्याचा तो आनंद नव्हे. रोंकाल्ली यांच्या मनासारखे पुष्कळ काही झाले नाही. आपले खरे रूप परमेश्वराला ठाऊक आहे, त्याच्यापुढे मुखवटा लागत नाही आणि आपल्या तक्रारीसकट त्याने आपल्याला कामावर ठेवले आहे, या खात्रीतून तो आनंद येतो.

आत्मपरीक्षणासाठी

प्रायश्चित्त संस्कारापूर्वी किंवा रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी पुढील प्रश्न उपयोगी पडतील, असे आम्हाला वाटते :

१. परमेश्वराच्या इच्छेला मी ओठांनी 'होय' आणि कृतीने 'नाही' असे कोठे म्हणत आहे ?

२. जे दुःख मी दहाजणांना सांगितले, ते परमेश्वरासमोर आणि संबंधित व्यक्तीसमोर कधी मांडले आहे का ?

३. माझ्या हाती अधिकार असलेल्या जागी, म्हणजे घरी, शाळेत, कामावर वा धर्मग्रामात, इतरांना मला खरे सांगता येते का ?

४. आज्ञापालनाच्या नावाखाली मी एखाद्या अन्यायाबाबत मौन तर बाळगलेले नाही ना ?

पोप जॉन तेविसावे ३ जून १९६३ रोजी प्रभूघरी गेले. ज्या परिषदेचे त्यांनी उद्घाटन केले, तिची सांगता पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या परिषदेच्या निर्णयांमुळेच आज आपण आपल्या मायबोलीत, मराठीत, मिस्साबलिदान अर्पण करतो. २७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संतपद देण्यात आले आणि परिषदेच्या उद्घाटनाचा दिवस, ११ ऑक्टोबर, हा त्यांचा सण म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मिस्सेला जाताना त्यांचे ब्रीद आठवावे आणि आपल्या मनात जे आहे, ते आहे तसेच वेदीपाशी न्यावे.